बुलेट हलकी केलीत, आता शॉकअपचं बघा

रॉयल एनफिल्ड क्लासिक 350 ची कॅफे रेसर (खालच्या हँडलची, हलकी) किंवा बॉबर (मडगार्ड छाटलेली, एकट्याच्या सीटची) करताना टाकी, सीट आणि रंगावर महिनोन्‌महिने खल चालतो. शॉकअप मात्र दिसायला बरे म्हणून शेवटच्या आठवड्यात घेतले जातात. गाडी आपटते ती इथूनच.

युनिट कन्स्ट्रक्शन इंजिनाची (इंजिन-गिअरबॉक्स एकाच खोक्यात), 2021 आधीची क्लासिक 350 सुमारे 192 किलोची. पुढे 35 मिलिमीटर जाड नळ्यांचा फोर्क, चाल (चाक वर-खाली हलू शकतं ते अंतर) 130 मिलिमीटर. मागे गॅसचे दोन शॉकअप, चाल 80. मागची स्प्रिंग डबलसीट आणि सामानाचा विचार करून दिलेली असते. लोखंडी मडगार्ड, मागची सीट, कॅरियर, लांब सायलेन्सर काढले की कमी होतं ते बहुतेक मागचंच वजन. वर चालवणारा एकटा. स्प्रिंग तीच, ओझं निम्म्यावर. त्यात बॉबरला जाडजूड टायर चढवला, की चाकाचं वजन वाढतं आणि वरची गाडी हलकी होते. मग खडबडीत रस्त्यावर चाक गाडीला उडवतं.

म्हणून आधी वजन करा. घरातला 150 किलोचा काटा पुरतो. पुढचं चाक काट्यावर, मागचं तेवढ्याच उंचीच्या फळीवर, गाडी सरळ, नुसती बोटांनी तोललेली. मग उलट करून मागचं चाक. दोन्ही आकड्यांची बेरीज म्हणजे गाडीचं वजन. पेट्रोल लिटरला पाऊण किलो धरा आणि टाकीत किती होतं ते शेजारी लिहा, नाहीतर पुढच्या वेळचा आकडा जुळणार नाही.

आता सॅग, म्हणजे ओझ्याखाली गाडी किती बसते. मेन स्टँडवर मागचं चाक लोंबकळू द्या. ॲक्सलपासून सरळ वर चॅसीवर एक खूण करून अंतर मोजा. मग गाडी जमिनीवर, नुसती. मग हेल्मेट-जॅकेट घालून चालवणारा बसलेला. दर वेळी गाडी एकदा दाबून सोडा, एकदा उचलून सोडा आणि दोन्हींची सरासरी घ्या. बुशचं घर्षण तीन-चार मिलिमीटरचा फरक सहज पाडतं. माणूस बसल्यावर मागे 20 ते 25 मिलिमीटर, पुढे 35 ते 40 हवेत.

प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवली आहे ते) आवळला की स्प्रिंग कडक होते, हा समज डोक्यातून काढा. गाडी फक्त उंच होते. प्रीलोडने माणसासकटचा सॅग 25 वर आणा आणि मग नुसत्या गाडीचा पाहा. 5 ते 10 असेल तर स्प्रिंग बरोबर. शून्य असेल तर स्प्रिंग मऊ आहे, उगाच आवळून ठेवली आहे. 15 च्या पुढे असेल किंवा प्रीलोड पूर्ण सैल करूनही माणसासकट 15 होत नसेल, तर स्प्रिंग कडक. ती बदलायलाच हवी.

फोर्कमध्ये घट्ट तेल ओतून मऊपणा झाकू नका. साध्या डँपर रॉडच्या फोर्कमध्ये तेल ठरावीक भोकांतून जातं. सावकाश हालचालीत घट्ट तेल बरं वाटतं, पण स्पीडब्रेकरची धार आली की तेलाला वाटच मिळत नाही आणि धक्का थेट मनगटात येतो. स्प्रिंगवर प्रीलोड हवा असेल तर पीव्हीसी पाइपचा तुकडा काटकोनात कापा आणि दोन्ही टोकांना लोखंडी वायसर द्या. दोन्ही नळ्यांत तेलाची पातळी मात्र सारखी, स्प्रिंग काढून आणि फोर्क पूर्ण दाबून मोजलेली.

20 मिलिमीटर लांब शॉकअप लावले तर 1370 मिलिमीटरच्या व्हीलबेसवर (दोन ॲक्सलमधलं अंतर) रेक, म्हणजे फोर्कच्या मुळाचा तिरपा कोन, जवळपास पाऊण अंशाने उभा होतो. ट्रेल, म्हणजे त्या तिरप्या रेषेपासून पुढचा टायर जमिनीला जितका मागे टेकतो ते अंतर, पाचेक मिलिमीटर घटतो. हँडल चपळ होतं, पण सरळ रस्त्यावर वेगात अस्थिर वाटू लागतं. चिमट्याचा (मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मचा) कोन वाढून चेन त्याच्या पिव्होटजवळ घासते, तेही पाहा.

आखूड शॉकअपचा धोका जास्त. रंगापूर्वी स्प्रिंगा काढून नुसते शॉकअप लावा आणि मागचं चाक बंप रबर (शॉकअपची चाल जिथे संपते तिथलं रबर) दाबेपर्यंत वर ढकला. टायर आणि सीटखालच्या चॅसीच्या लूपमध्ये, मडगार्डच्या आतल्या बोल्टच्या टोकासकट, किमान 15 मिलिमीटर फट हवी. तो बोल्ट उलटा बसवा, नट बाहेरच्या बाजूला.