मायकल गेला, तरी कार्यालय उघडणारच होते

दर रविवारी सकाळी सदाशिव पेठेतल्या एका लहानशा खोलीत मी पटकथालेखनाचा वर्ग घेते. वर्गातली निम्मीअधिक मुले-मुली आठवडाभर हिंजवडीत किंवा खराडीत नोकरी करतात आणि रविवारची झोप मोडून येतात, त्यामुळे कार्यालयीन विनोदाच्या मालिकांविषयी ती फार आपुलकीने बोलतात. प्रत्येक तुकडीत कोणीतरी मला एक प्रश्न विचारतेच : “मॅडम, मायकल गेला तिथेच ‘द ऑफिस’ संपवायला हवी होती ना?” वर्गात याचे उत्तर मी नेहमी घाईघाईत देते आणि घरी परतताना ते अपुरे वाटत राहते. म्हणून आज ते सविस्तर लिहीत आहे.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीवर 24 मार्च 2005 ते 16 मे 2013 या काळात ‘द ऑफिस’ची नऊ पर्वे झाली. पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटन गावी डंडर मिफ्लिन नावाची कागद विकणारी कंपनी आहे, तिच्या शाखेत एक माहितीपट चित्रित होतो आहे, आणि मायकल स्कॉट हा त्या शाखेचा व्यवस्थापक आहे. स्टीव्ह कॅरेल या नटाने सातव्या पर्वात मालिका सोडली. मायकलच्या निरोपाचा भाग 28 एप्रिल 2011 रोजी दाखवला गेला. तो ग्रेग डॅनियल्स यांनी लिहिला होता आणि पॉल फिग यांनी दिग्दर्शित केला होता.

माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. मालिका त्या दिवशी संपली असती, तर तो भाग आज जितका खरा वाटतो तितका वाटला नसता. कार्यालयातून जाणाऱ्या माणसाच्या निरोपाला जे वजन येते ते दुसऱ्या दिवशी साडेनऊला बाकीचे सगळे पुन्हा कामावर येणार असतात म्हणून येते. सगळेच एकदम उठून निघाले तर ती सहलीची सांगता होईल, निरोप होणार नाही. मायकलच्या निरोपाचा प्रत्येक प्रसंग हे भान ठेवून लिहिलेला आहे, आणि ते भान मला फार मोलाचे वाटते, कारण लेखनाकडे वळण्यापूर्वी मी स्वतः भोसरीतल्या एका कारखान्याच्या लेखा विभागात चौदा वर्षे काढली आहेत.

आमच्याकडे निरोप समारंभ महिन्याच्या अखेरच्या दिवशी दुपारी चार वाजता होत असे. शाल, श्रीफळ, वेफर्स, सामोसे, पेढा, आणि दोन-तीन भाषणे, ज्यांत ‘कंपनी म्हणजे एक कुटुंब’ हे वाक्य असायचेच. सव्वापाचला कंपनीची बस सुटायची, म्हणून सगळे पाचला आटोपायचे. आमचे लेखा विभागाचे साहेब निवृत्त झाले तेव्हा आम्ही काही जणींनी समारंभानंतर त्यांना नीट भेटायचे ठरवले होते. ते म्हणाले, “उद्या येतोच आहे मी टेबल आवरायला, तेव्हा बोलू.” दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. मी खण उघडला तेव्हा तो आधीच स्वच्छ केलेला होता, आणि आत तिजोरीच्या खोलीच्या किल्ल्या, प्रत्येकीला दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठीसह, रांगेत ठेवल्या होत्या. त्यांना आमच्यासमोर उभे राहून बोलणे जमणार नव्हते, हे मला त्या चिठ्ठ्यांवरून कळले. पुढे कितीतरी वर्षांनी मायकलचा तो भाग पाहताना मी पहिल्या पाच मिनिटांतच सरसावून बसले, कारण मायकलही नेमके हेच करतो. आपण उद्या जाणार असे तो सगळ्यांना सांगून ठेवतो, आणि प्रत्यक्षात त्याच दिवशी दुपारी निघणार असतो.

या खोट्याची ताकद ओळखण्यासाठी आधीच्या सात पर्वांतला मायकल आठवावा लागतो. सतत कोणीतरी आपल्याकडे पाहावे, हसावे, टाळ्या वाजवाव्यात, ही त्याची भूक आहे. सभा-खोलीत तो विनाकारण सभा भरवतो, कर्मचाऱ्यांना ‘डंडी’ नावाचे घरगुती पुरस्कार वाटण्याचा सोहळा दरवर्षी स्वतःच सूत्रसंचालन करून पार पाडतो, आणि कॅमेरा दिसला की तो बोलायला लागतो. असा माणूस निरोपाच्या दिवशी रडून, भाषण करून सगळे कार्यालय डोक्यावर घेईल अशीच कोणाचीही अपेक्षा असेल. लेखकांनी ती अपेक्षा एक आठवडा आधीच पूर्ण करून टाकली. 21 एप्रिलच्या भागात मायकलचा शेवटचा डंडी सोहळा होतो, आणि त्यात सहकारी त्याच्यासाठी गाणे म्हणतात, ज्यात त्याने तिथे घालवलेली 99,86,000 मिनिटे मोजलेली आहेत. त्याचा हिशेब एकोणीस वर्षांचा होतो. समारंभ झाला, टाळ्या झाल्या, डोळे भरून आले, आणि मग खरा निरोप कोणत्याही व्यासपीठाशिवाय, टेबलाटेबलापाशी घ्यायला मायकल मोकळा झाला.

तो एक यादी करतो आणि एकेका सहकाऱ्याला भेटून तिच्यावर खूण करत जातो. इथे लेखनाचा जो संयम आहे तो मी वर्गात पुन्हा पुन्हा दाखवते. प्रत्येकाच्या वाट्याला येणारा निरोप त्या नात्याच्याच मापाचा आहे. ऑस्करला मायकल स्वतः केलेली एक ओबडधोबड बाहुली भेट देतो, ऑस्कर ती गंभीरपणे स्वीकारतो, आणि याची आपल्याविषयीची अपेक्षा किती खाली आहे हे लक्षात येऊन मायकलला हसू आवरत नाही. केविनला तो सांगतो की लोकांनी तुझे व्यंगचित्र करावे असे वागू नकोस. ड्वाइटला शिफारसपत्र मिळते, आणि नंतर दोघे इमारतीमागे रंगाच्या गोळ्यांची लढाई खेळतात, कारण ड्वाइटच्या बाबतीत कागदावरचे प्रेम पुरेसे नाही हे मायकलला ठाऊक आहे. यातल्या एकाही प्रसंगात सामोरा बसलेला माणूस आपण शेवटचे बोलतो आहोत असे समजत नाही. त्यामुळे तो नेहमीसारखाच वागतो, आणि मायकलला सोबत नेण्यासाठी प्रत्येकाचा एक साधा, रोजचा चेहरा मिळतो.

फक्त जिमच्या ध्यानात येते. आणि जिम काय करतो? तो गुपित फोडत नाही, मिठी मारत नाही. आपण निरोप उद्याच घेऊ, असे तो मायकलला सुचवतो. उद्या जेवायला भेटू आणि तेव्हा मी तुम्हाला सांगेन की तुम्ही किती चांगले साहेब झालात, मला मिळालेले सर्वांत चांगले साहेब, अशा आशयाचे तो बोलतो. भविष्यकाळात टाकलेले ते बोलणे दोघांच्याही डोळ्यांत पाणी आणते. आमच्या साहेबांच्या ‘उद्या येतोच आहे’ला मला तेव्हा असे उत्तर सुचले असते तर किती बरे झाले असते, हे मी हा प्रसंग दाखवताना दर वेळी मनाशी म्हणते.

जाण्याचे कारणही इथे नीट रचलेले आहे. मायकलला कोणी काढत नाही, तो भांडूनही जात नाही. मार्चमध्ये तो आपल्या सहकारी आणि प्रेयसी होलीला लग्नाची मागणी घालतो, तीही कार्यालयातच, तिच्या टेबलाभोवती मेणबत्त्या लावून; त्या मेणबत्त्यांमुळे छतावरची अग्निशामक फवारणी सुरू होते आणि दोघे भिजतात. होलीचे आईवडील कोलोरॅडोत थकत चालले आहेत, म्हणून दोघांना तिकडे जावे लागते. ज्या माणसाने सात पर्वे कार्यालयालाच घर मानले, कारण त्याला दुसरे घर नव्हते, त्याला घर मिळते आणि म्हणून कार्यालय सुटते. नटाच्या जाण्याची बाहेरची गरज आणि पात्राची आतली गरज इतकी एकजीव झालेली मी क्वचितच पाहिली आहे. मूळ ब्रिटिश मालिकेत 2002 साली दुसऱ्या पर्वाच्या शेवटी डेव्हिड ब्रेंट या व्यवस्थापकाला कामावरून कमी केले जाते आणि तो नोकरीसाठी गयावया करतो. तेही उत्तम लेखन आहे, पण ते पाहताना पोटात कालवते.

याउलट जाणे ज्या मालिकांत नटाच्या सोयीने उरकले गेले, तिथे त्याची खूण राहते. ‘मॅश’ ही लष्करी रुग्णालयातली विनोदी मालिका मी यासाठी शिकवते. 18 मार्च 1975 रोजीच्या भागात रुग्णालयाचा प्रमुख हेन्री ब्लेक घरी परतायला निघतो, आणि शेवटच्या क्षणी रडार नावाचा कारकून शस्त्रक्रियागृहात येऊन त्याचे विमान पाडले गेल्याची बातमी वाचून दाखवतो. प्रेक्षक हादरले, अनेकांनी संतापून पत्रे पाठवली, तरी युद्धावरच्या मालिकेला तो शेवट शोभला. मात्र त्याच सुमारास वेन रॉजर्स यांनीही मालिका सोडली, तेव्हा त्यांच्या ट्रॅपर या पात्राला पडद्यावर निरोपच मिळाला नाही. त्याचा जिवलग मित्र हॉकआय पोहोचतो तेव्हा ट्रॅपर निघून गेलेला असतो. अडचणीतून काढलेली ती वाट समजण्यासारखी आहे, पण प्रेक्षकाच्या हातात काही उरत नाही.

आता प्रश्नाची दुसरी बाजू, कारण प्रश्न विचारणाऱ्यांचे म्हणणे मी नाकारत नाही. मायकलनंतरची मालिका घसरली, हे खरे आहे. परंतु ती मायकल नसल्यामुळे घसरली असे मला वाटत नाही. त्याच्या रिकाम्या खुर्चीचीच गोष्ट लेखक फार काळ सांगत बसले म्हणून ती घसरली. डिअँजेलो व्हिकर्स या नव्या व्यवस्थापकाच्या भूमिकेत विल फेरेल मायकल जाण्याआधीच आले आणि चार भागांत गेले. मग ड्वाइट हंगामी व्यवस्थापक, मग पर्वाच्या अखेरीस मुलाखती आणि पाहुण्या कलाकारांची रांग, आणि आठव्या पर्वात कार्यालयातलाच अँडी. अँडीला त्या खुर्चीत बसवल्यावर त्याच्याकडून मायकलसारखी चूक करवून घ्यायचा मोह लेखकांना आवरला नाही. ज्या भागांत ते खुर्ची विसरून जिम आणि त्याची पत्नी व सहकारी पॅम यांच्या संसाराकडे, ड्वाइटच्या शेताकडे किंवा गोदामातून वर कार्यालयात आलेल्या डॅरिलकडे वळले, ते भाग आजही टिकतात. वर्गातल्या मुलांना मी म्हणते की ते भाग पाहा, मधले सोडले तरी चालतील.

पॅमविषयी लिहायचे मी मुद्दाम मागे ठेवले. मायकल निघतो तेव्हा पॅम चित्रपटाला गेलेली असते आणि तिची भेट होत नाही. विमानतळावर तो माहितीपटवाल्यांना विचारतो की हे कधी दाखवले गेले तर मला कळवा, आणि अंगावरचा माइक काढून परत देतो. त्यानंतर पॅम अनवाणी धावत येते. ती दोघे बोलतात, मिठी मारतात, आणि आपल्याला एकही शब्द ऐकू येत नाही. सात पर्वे ज्याचे बोलणे थांबत नव्हते त्याचे सर्वांत खासगी बोलणे मालिकेने त्याचे त्यालाच ठेवू दिले. तो दुःखी नव्हता, घरी जाऊन होलीला भेटायला आतुर होता, एवढे पॅम नंतर सांगते.

आणि मालिका पुढे चालली नसती, तर या निरोपाचा जोड-प्रसंग आपल्याला मिळाला नसता. 16 मे 2013 च्या अखेरच्या भागात मायकल ड्वाइटच्या लग्नाला येतो. कार्यालयात तो पाऊल टाकत नाही. मोजून दोन वाक्ये बोलतो. आपली सगळी मुले मोठी झाली आणि त्यांनी एकमेकांशीच लग्ने केली असे वाटते, हे त्यांतले एक. बाकीचे आपल्याला पुन्हा पॅमच सांगते : मायकलच्या स्वतःच्या मुलांचे इतके फोटो आहेत की त्याने दोन फोन घेतले आहेत आणि दोन्हींची बिले तो भरतो.