जांभ्यातली भोकं आणि आधीच छापलेला फलक

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडं रस्त्याला लागून जांभ्याची एक जुनी, बंद पडलेली खाण आहे. चार-साडेचार मीटर उभी कापलेली भिंत, वर हातभर माती, कोपऱ्यात साठलेलं पाणी. भूपर्यटनाच्या गाईडांसाठी आम्ही आठ दिवसांचं प्रशिक्षण घेतो, त्यातला तिसरा दिवस इथं असतो. या तुकडीत चौदा जण होते, दहा खानापूर तालुक्यातले आणि चार गोकाकचे. सकाळी साडेसातला पोहोचलो तर खाणीच्या तोंडाशी पोत्यात गुंडाळलेला चार बाय तीन फुटांचा फलक येऊन पडलेला. मदत करणाऱ्या एका मंडळानं तो परस्पर छापून पाठवला होता. दुपारी चारला पंचायतीच्या लोकांसमोर बसवायचा, गवंडीही सांगून ठेवलाय, असा निरोप.

फलकावर मराठी आणि कन्नडमध्ये लिहिलं होतं, 'या दगडातील छिद्रे म्हणजे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातील वायूचे बुडबुडे होत.'

आकडा बरोबर आहे, दख्खनच्या लाव्हाचाच आहे. दगड चुकला होता. प्रशिक्षणार्थींना मात्र वाक्य आवडलं, दोघांनी वहीत उतरवूनही घेतलं. आम्ही काही बोललो नाही. पिशवीतून बेळगावजवळच्या एका विहिरीच्या खोदाईतला लाव्हाचा सच्छिद्र काळा दगड काढला, जांभ्याच्या तुकड्याशेजारी ठेवला आणि म्हटलं, फलक खरा की खोटा ते अकरापर्यंत तुम्हीच ठरवा.

पहिली अडचण भिंगाची. दहापट भिंग लोक कागदावर धरतात तसं दगडावर धरतात आणि काहीच दिसत नाही म्हणतात. भिंग डोळ्याला जवळजवळ चिकटवायचं आणि दगड वर आणायचा. अडीच सेंटिमीटरवर आला की स्पष्ट होतो. उन्हाकडं पाठ करायची नाही, नाहीतर आपलीच सावली पडते. एवढं जमायला वीस मिनिटं गेली. मग काळ्या दगडातली भोकं गोल, बदामी दिसली, आतून गुळगुळीत, काहींत पांढरं खनिज भरलेलं. जांभ्यातली भोकं वेडीवाकडी, नळीसारखी, कडा खरबरीत, आत पिवळी-पांढरी माती.

यापेक्षाही सोपी परीक्षा सायकलच्या स्पोकची आहे. काळ्या दगडाच्या भोकात तार घातली की ती वाटीच्या तळाला टेकावी तशी थांबते, कारण प्रत्येक बुडबुडा सुटा असतो. जांभ्यात ती वाकत वाकत आत जाते आणि तुकडा लहान असेल तर दुसऱ्याच तोंडातून बाहेर येते. जांबोटीच्या एका मुलीनं तीन भोकांत तीन तारा घातल्या, तिन्ही एकमेकींना आत अडकल्या. शाळेच्या सहलीसमोर करून दाखवायला याहून चांगलं काही आम्हाला माहीत नाही.

ही भोकं पाण्यानं केलेली. भरपूर पाऊस, मग कडक उन्हाळा, असं लाखो वर्षं चाललं की मूळ खडकातली सिलिका, चुना, सोडा धुऊन जातात आणि लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागं उरतात. लोहाची जाळी घट्ट होते, मधली माती निघून जाते. ॲल्युमिनियमचं प्रमाण पुरेसं वाढलं की त्यालाच बॉक्साइट म्हणतात. बेळगावला ॲल्युमिनाचा कारखाना उगाच नाही.

फलकात आणखी एक चूक होती, ती सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. जांभा फक्त लाव्हाच्या खडकावरच होतो असं नाही. खानापूरच्या पश्चिमेला तो काळ्या ट्रॅपवर, म्हणजे लाव्हाच्या खडकावर आहे तसाच त्याहून कितीतरी जुन्या धारवाडी शिस्ट या पापुद्र्यांच्या खडकावरही आहे. खाली काय आहे ते ओढ्यात उतरून पाहिल्याशिवाय लाव्हाचं वय जांभ्याला चिकटवता येत नाही. आणि जांभ्याचं स्वतःचं वय मूळ खडकापेक्षा कमीच असणार.

चुका आमच्याकडूनही झाल्या, म्हणजे होऊ दिल्या. खनिजाच्या रेघेचा रंग पाहायला खरखरीत चिनी माती लागते, पांढऱ्या लादीची मागची बाजू चालते. लाद्या गाडीतच राहिल्या म्हणून एकानं हुशारीनं खानापुरी कौलाचा तुकडा वापरला. तांबड्या कौलावर तांबडी रेघ. हेमाटाइट या लोहखनिजाची की कौलाची, कोण सांगणार?

दुसरी चूक जास्त गंभीर. चुना ओळखायला आमच्याकडं दहा टक्क्यांच्या आसपासचं पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, चुन्यावर थेंब फसफसतो. तीन भाग पाण्यात एक भाग तीव्र ॲसिड, ॲसिड नेहमी पाण्यात ओतायचं, उलट कधीच नाही. प्लास्टिकच्या ड्रॉपर बाटलीत ठेवायचं, चष्मा-हातमोज्यांशिवाय उघडायचं नाही. गोकाकच्या एकानं बाटली घेऊन शेजारच्या जुन्या विहिरीच्या कठड्यावर थेंब टाकला आणि ओरडला, "सर, जांभा फसफसतोय! चुनखडी हाय ह्यात!" थेंब दगडावर पडला नव्हता, दोन चिऱ्यांमधल्या दरजेत पडला होता. फसफसत होता तो बांधकामातला चुना. जुन्या बांधकामावर ॲसिड वापरायचंच नाही, हा नियम आम्ही पहिल्या दिवशी सांगितला होता. त्या दिवशी बाटली एकाच माणसाच्या ताब्यात देण्याचा नियम वाढवला. आणि काळ्या दगडातला पांढरा ठिपका फसफसला तर तो भोकात भरलेला कॅल्साइट, म्हणजे चुन्याचं खनिज, अख्खा दगड चुनखडी होत नाही, हेही तिथंच पुन्हा दाखवलं.

मग पाणी. किराणा दुकानातल्या काट्यावर जांभ्याचा कोरडा तुकडा भरला १,२४० ग्रॅम. तासभर बादलीत बुडवून, ओल्या फडक्यानं पुसून पुन्हा तोलला तर १,३९० ग्रॅम. काळ्या दगडाचा फरक काट्यावर जेमतेम दिसला. कणकुंबीच्या पट्ट्यातले झरे समजावताना हे दोन आकडे उपयोगी पडतात. माथ्यावरचा जांभा पावसाचं पाणी पितो, खालच्या चिकणमातीच्या थराशी ते अडतं आणि डोंगराच्या कुशीत बाहेर पडतं. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला कूडलसंगमापर्यंत जाऊन कृष्णेला मिळते. त्याच तालुक्यात भीमगडच्या जंगलातून निघालेली म्हादई गोव्याकडं उतरते. एका माथ्यावरचा पाऊस दोन समुद्रांना जातो. पर्यटक इथं हमखास म्हादईवरच्या कर्नाटक-गोवा पाणीतंट्याचं विचारतात. गाईडला २०१८ च्या लवादाचा निवाडा आणि कर्नाटकाच्या वाट्याचे १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) माहीत हवेत. एवढं सांगून त्यानं उताराकडं बोट करावं आणि थांबावं. भीमगड अभयारण्यात हातोडी न्यायची नाही, हेही गाईडनंच पाळायचं.

गोकाकच्या चौघांना जांभ्यात फारसा रस नव्हता, तो स्वाभाविक आहे. त्यांच्या धबधब्याखाली क्वार्टझाइट हा वाळूच्या दगडापासून झालेला कठीण खडक आहे, चाकूनं चरा पडत नाही असा, किमान ५४ कोटी वर्षांहून जुना. आणि भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूटनं गोकाकजवळ सापडलेल्या नष्ट झालेल्या गेंड्याच्या हाडांवर १८७४ मध्ये लिहिलं, ही गोष्ट त्यांच्याकडं आहेच. जांभ्याला असा गेंडा नाही.

साडेदहाला खाणीत पूर्वी काम केलेले एक मामा आले. मुलांनी विचारलं, "मामा, हा दगड काढायला अवघड का ओ?" ते म्हणाले, "ओला हाय तवर टिकावानं निघतोय. एक उन्हाळा खाल्ला की छिन्नीबी घसरतीया." मलबारातल्या अंगडीपुरमला हेच पाहून फ्रान्सिस बुकानन या प्रवाशानं १८०७ मध्ये छापलेल्या पुस्तकात विटेसाठीच्या लॅटिन शब्दावरून या दगडाला लॅटराइट नाव दिलं. आम्ही ते सांगितलं, पण मामांचं वाक्य वहीत गेलं.

अकराला चौदाच्या चौदा जणांनी फलक खोटा ठरवला. मंडळाला फोन केला. पलीकडून आलेलं उत्तर असं, की छपाईचे पैसे गेलेत, बारीक फरक कोण बघतं? मदत करणाऱ्यांशी भांडून प्रशिक्षण चालत नाही, हे आम्हालाही कळतं. वाहन, जेवण, भिंगं, विमा, सगळं त्यांच्याच जोरावर. म्हणून अट छोटी ठेवली. खांब आज बसवा, पत्रा नंतर. मजकूर प्रशिक्षणार्थी लिहितील, दोन्ही भाषांत, आणि छपाईआधी खाणीत उभं राहून मोठ्यानं वाचला जाईल. त्यातलं जे वाक्य बोट ठेवून दाखवता येणार नाही ते काढायचं.

चारला पंचायतीची माणसं आली. खांबांसाठी दोन फूट खोल खड्डे हवे होते. गवंड्यानं पहार मारली तर ती खणखणून उसळली. उन्हात उघडा पडलेला वरचा थर असाच असतो. अर्धा-पाऊण तास छिन्नी चालली. दीड फुटावर पहार एकदम आत गेली आणि गवंडी म्हणाला, "आता माती लागली." माती नव्हती, जांभाच होता, ओला. पिवळ्या-पांढऱ्या डागांचा तो गोळा त्यानं बाहेर टाकला आणि जांबोटीच्या मुलीनं उचलून त्यात स्पोक घातला.