चष्मा नावाचा शब्द

बाबांना स्ट्रोक आला तेव्हा डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरली आणि डाव्या बाजूच्या डागावर पेन टेकवलं. "इथलं रक्त अडलं, म्हणून बोलणं गेलं." अंगठ्याच्या पेराएवढा डाग, बस्स.

१८६१ साली फ्रेंच डॉक्टर पॉल ब्रोका यांनी तपासलेल्या मेंदूतली इजाही डावीकडचीच, कपाळामागची. तो रुग्ण वर्षानुवर्षं फक्त 'टॅन' म्हणायचा. बोललेलं मात्र त्याला बरंचसं कळायचं. बाबांचंही तसंच. चष्मा हवा असला की तोंडून 'किल्ली' यायचं. चुकलं हे त्यांना लगेच कळायचं. मान हलवायची, पुन्हा जोर लावायचा, पुन्हा किल्ली. मग डोळे गच्च मिटून ते पलंगाच्या दांडीवर हात आपटायचे.

मेंदूशिवाय मन नाही, हे मला तिथंच पटलं. पण 'त्याच्याशिवाय नाही' म्हणजे 'तेच ते' नव्हे. तत्त्वज्ञ यू. टी. प्लेस यांनी १९५६ मध्ये म्हटलं, जाणीव ही मेंदूतली प्रक्रियाच. त्याच मताचे तत्त्वज्ञ जे. जे. सी. स्मार्ट यांनी १९५९ मध्ये विजेचं उदाहरण दिलं: आकाशात लखलखते ती आणि विद्युतभार वाहतो तो, या दोन गोष्टी नाहीतच. वाचताना मीही मान डोलावली होती.

माझं अडलं ते बाबा सुधारायला लागल्यावर. रोज सकाळी स्पीच थेरपी, चित्रांची कार्डं, एकेका शब्दासाठी घामाघूम होणं. आठ महिन्यांनी 'चष्मा' आला. डाग जिथल्या तिथं होता. गेलेल्या पेशी परत येत नाहीत, शिल्लक राहिलेल्या भागांनी काम उचललं होतं. तत्त्वज्ञ हिलरी पुटनम यांनी १९६७ मध्ये नेमकी हीच अडचण दाखवली होती: मनाची एकच अवस्था वेगवेगळ्या बांधणीत घडू शकत असेल, तर ती अमुक एका बांधणीशी एकरूप कशी? यावर उत्तर आहे, मला ठाऊक आहे. तेव्हाचा विचार म्हणजे तेव्हाच्या पेशींचं काम, आजचा म्हणजे आजच्या. चोख उत्तर आहे. पण मग या दोन्हींना 'चष्मा हवाय' हे एकच नाव कशाच्या जोरावर द्यायचं? ते फिल्मवर मला सापडत नाही.

त्या सकाळी मी धावत जाऊन चष्मा आणला, त्यांच्या नाकावर चढवला. तरी ते माझ्याकडे बघत म्हणतच राहिले, "चष्मा. चष्मा."