आईचा टिप्स स्टेंट: साधा की कव्हर्ड, आठ की दहा

आईच्या पोटातून पहिल्यांदा पाणी काढलं तेव्हा सहा लिटर निघालं. मग दर पंधरा दिवसांनी टॅपिंग. पाण्याच्या गोळ्या वाढवल्या की सोडियम उतरायचं, कमी केल्या की पोट परत नगाऱ्यासारखं. डायबेटिस आणि फॅटी लिव्हरमधून झालेला सिरॉसिस; दारूचा संबंध नाही. तरी भेटायला येणाऱ्यांतले निम्मे जाताना दारात थांबून हळूच विचारायचे, "काकू कधी... म्हणजे घ्यायच्या का?"

शेवटी डॉक्टरांनी टिप्स सुचवलं. मानेतल्या शिरेतून नळी लिव्हरपर्यंत नेतात, आतल्या आत लिव्हरमधून रक्त बाहेर नेणारी हिपॅटिक व्हेन आणि आतड्याकडून लिव्हरला रक्त आणणारी पोर्टल व्हेन जोडणारा बोगदा पाडतात आणि तो मिटू नये म्हणून स्टेंट बसवतात. कडक झालेल्या लिव्हरमागे तुंबलेल्या रक्ताला आडवाट मिळते.

खर्चाच्या कागदावर दोन पर्याय होते. साधा जाळीचा, आणि काही पटींनी महाग असलेला कव्हर्ड. विमावाले साध्यालाच तयार. मामा म्हणाला, "जाळी ती जाळी. कशाला खड्ड्यात जाताय?"

स्टेंट बसवणाऱ्या रेडिओलॉजिस्टनी त्याच कागदाच्या मागे चित्र काढलं. साध्या जाळीच्या भोकांतून पित्त झिरपतं, पेशी आत वाढतात आणि वाट अरुंद होत जाते. मग पुन्हा आत जाऊन फुग्याने ती रुंद करा. कव्हर्डला पीटीएफई नावाच्या प्लॅस्टिकचं अस्तर असतं. पोर्टल व्हेनकडचं दोन सेंटिमीटरचं टोक तेवढं मुद्दाम उघडं, म्हणजे लिव्हरकडे जाणारं रक्त अडत नाही. 2004 साली 80 रुग्णांवरची तुलना प्रसिद्ध झाली होती: साधे 44 टक्के बिघडले, कव्हर्ड 13 टक्के. मी मामाला एवढंच सांगितलं, "साधा स्वस्त आहे, पण हप्त्याहप्त्यानं महाग पडेल." विम्याचं तिसऱ्या पत्रानंतर जमलं, तेही अर्धंच.

मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "आता व्यास ठरवू."

खरं सांगतो, इतके दिवस आम्ही भलत्याच प्रश्नावर भांडत होतो. आतड्यातलं अमोनिया एरवी लिव्हर निस्तरतं. आडवाट झाली की त्यातलं बरंचसं थेट रक्तात, तिथून मेंदूत. माणूस बरळतो, दिवसा झोपतो, रात्री जागतो. दहा मिलिमीटरचा स्टेंट दाब चांगला उतरवतो, पण हा धोका वाढवतो. आठचा डोक्याला सोसतो, पण पोटातलं पाणी हटेलच असं नाही. म्हणजे पोट की डोकं? आईला विचारलं तर म्हणाली, "डोकं राहू दे रे. पोटाचं बघू."

आठ ते दहाच्या मध्ये फुलवता येणारा कव्हर्ड स्टेंट मिळतो, तो आठवर बसवायचं ठरलं. पुढे गरज पडली तर रुंद करता येतो. अरुंद करायचा तर आत आणखी एक घालावा लागतो. त्याआधी हृदयाची इको, कारण एवढं रक्त एकदम हृदयाकडे वळतं. लिव्हर कितपत चालतंय ते सांगणारं बिलिरुबिनही पाहिलं. स्टेंट बसल्यावर दोन्ही शिरांमधल्या दाबातला फरक 19 वरून 10 वर आला.

दुसऱ्या दिवशी डॉप्लरवर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, स्टेंटमधून रक्त वाहताना दिसेना. माझे हातपाय गार! मग कळलं, नव्या स्टेंटच्या अस्तरात हवा अडकलेली असते, त्यामुळे पहिले काही दिवस आतलं दिसत नाही. हे कुणीतरी आधी सांगायला काय हरकत होती?

त्यानंतर टॅपिंग दोनदाच लागलं. लॅक्टुलोज, म्हणजे अमोनिया बाहेर काढणारं जुलाबाचं औषध, मात्र रोज; दिवसातून दोन-तीनदा पोट साफ झालंच पाहिजे. डॉक्टर म्हणाले होते, "अक्षरावर लक्ष ठेवा. डोक्यावर परिणाम व्हायला लागला की ते बिघडतं." म्हणून दुधाच्या हिशेबाची वही मी आईकडेच ठेवली. दिवाळीत फराळाच्या गडबडीत दोन दिवस पोट साफ झालं नाही, आणि तिसऱ्या दिवशी वहीतला आकडा ओळीखाली घसरलेला. डॉक्टरांना फोन केला, डोस वाढला. दोन दिवसांनी तिनेच तो आकडा खोडून नीट लिहिला आणि वर मला ऐकवलं, "अर्धा लिटर जास्त लावलाय दूधवाल्यानं. तुझं लक्ष कुठं असतं?"