रिपोर्ट नॉर्मल आले, मग पुढे? नैराश्याच्या निदानाचा माझा अनुभव

पहाटे साडेतीनला जाग, मग उजाडेपर्यंत पंख्याकडे बघत पडणं, भूक मेलेली, डोकं जड. एवढीच तक्रार घेऊन मी फॅमिली डॉक्टरांकडे गेले. ‘उदास वाटतं’ हे शब्द तोंडातून निघालेच नाहीत. आपल्याकडे बहुतेकांचं असंच होतं. पोट, पाठ, झोप यांबद्दल बोलणं होतं, आणि ॲसिडिटीची गोळी घेऊन माणूस घरी येतो.

आधी रक्ततपासण्या झाल्या: हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२, ड जीवनसत्त्व, साखर. नैराश्य दाखवणारी रक्ततपासणी नसते. या तपासण्या त्याच्यासारखं दिसणारं दुसरं काही नाही ना, हे बघायला करतात. थायरॉइड मंदावलं की थकवा येतो, कशात मन लागत नाही. शाकाहारी माणसात बी-१२ कमी निघणं नेहमीचंच. घोटाळा होतो तो इथेच. बी-१२ थोडं कमी आलं की ‘सापडलं कारण’ म्हणून इंजेक्शनं सुरू होतात आणि मनाचा विषय तीन महिने मागे पडतो. दोन्ही एकाच वेळी असू शकतं.

चालू औषधांची पट्टी सोबत न्यावी. स्टेरॉइडसारख्या औषधांनी मन:स्थिती बिघडू शकते. दारूबद्दल मलाही सरळ विचारलं गेलं, आणि बायकांनाही विचारायला हवंच. दारूमुळे उदासी आहे की उदासीमुळे दारू, हे बऱ्याचदा ती थांबवून काही आठवडे गेल्यावरच कळतं. पण रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता ती एकदम तोडू नये.

मग मानसोपचारतज्ज्ञ. हे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्र शिकलेले डॉक्टर, औषध लिहून देतात. मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि समुपदेशन करतात, गोळ्या देत नाहीत. सिव्हिल हॉस्पिटलमध्येही केस पेपर काढून मानसोपचार विभागात दाखवता येतं.

बाहेर बाकावर बसल्या बसल्या एक कागद भरायला दिला, पीएचक्यू-९ नावाची नैराश्याची प्रश्नावली. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. ‘अजिबात नाही’ला ०, ‘जवळजवळ रोज’ला ३. प्रश्न गेल्या दोन आठवड्यांबद्दल असतात, पण आपण आजच्या दिवसाचं उत्तर लिहितो. शेजारी नवरा किंवा सासू वाकून बघत असेल तर आकडे आपोआप कमी पडतात. कागद एकटीने भरावा. १० किंवा जास्त गुण आले तर नीट तपासणी हवी, एवढाच त्याचा अर्थ. माझे १६ आले.

निदान ठरतं ते मुलाखतीत. उदास मन, कशातच रस न वाटणं, झोप, भूक किंवा वजन, थकवा, हालचाल मंदावणं किंवा अस्वस्थता, स्वतःला दोष देणं, लक्ष न लागणं, मरणाचे विचार. या नऊपैकी किमान पाच, दोन आठवडे, जवळजवळ रोज. आणि पाचांत पहिल्या दोहोंपैकी एक असलंच पाहिजे. शिवाय कामाधामावर परिणाम दिसायला हवा.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मला बिनकामाचा वाटला होता: ‘कधी सलग चार-पाच दिवस झोप कमी, तरी थकवा नाही, बोलणं भरभर, खर्च वारेमाप, असं झालंय?’ लोक ‘नाही’ म्हणतात, कारण ते दिवस त्यांना आजाराचे नव्हे, चांगले म्हणून आठवतात. म्हणून घरातलं कुणीतरी सोबत असावं. उत्तर ‘हो’ असेल तर आजार बायपोलर, म्हणजे कधी उदासी तर कधी असा उन्माद, असू शकतो, आणि तिथे नुसती नैराश्याची गोळी दिली तर माणूस उन्मादाकडे झुकू शकतो. उपचाराची दिशाच बदलते.

मरणाच्या विचारांबद्दल खरं सांगावं. सांगितलं म्हणून लगेच भरती करतातच असं नाही. रात्रीबेरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक २४ तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. धोका लगेचचा असेल तर माणसाला एकटं न सोडता थेट हॉस्पिटल गाठावं.

‘पण मलाच का?’ याला डॉक्टरांनी एक कारण दिलं नाही. कागदावर तीन रकाने पाडले: आधीपासूनचं, पेटवणारं, धुमसत ठेवणारं. पहिल्यात आनुवंशिकता आणि लहानपण येतं. जुळ्यांच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा साधारण ३५ ते ४० टक्के निघतो. दुसऱ्यात मृत्यू, कर्ज, बाळंतपण, नोकरी. तिसऱ्यात दिवसभर लोळणं, माणसं टाळणं, उलटीपालटी झोप. पहिला रकाना बदलत नाही. तिसऱ्यावर त्याच आठवड्यात काम सुरू करता येतं. ‘सेरोटोनिन (मेंदूतलं एक रसायन) कमी झालंय’ हे उत्तर सोपं आहे, पुरेसं नाही. गोळीचा सेरोटोनिनवरचा परिणाम काही तासांत सुरू होतो, मनाला फरक पडायला मात्र दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ होते आणि बरेच जण तिथेच गोळी सोडतात.

कागदावर ‘एफ ३२.१’ लिहिलं होतं, म्हणजे मध्यम तीव्रतेचं नैराश्य. हा कोड जपून ठेवावा, विम्याला लागतो; २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं आहे.

दुसऱ्या खेपेला नऊ प्रश्नांचा तोच कागद पुन्हा भरायला दिला. १६ चे १३ झाले होते. झोपेपुढे मात्र अजून ३ च.