क्रूझवर दागिने न्यायचे का? किती तोळे, यापेक्षा किती वेळा उतरणार ते मोजा

मुंबई-गोवा किंवा लक्षद्वीपची क्रूझ बुक झाली की नाशिकच्या घरात कपड्यांच्या आधी दागिन्यांची चर्चा सुरू होते. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस असतो, एक रात्र नटूनथटून जेवायला जायचं असतं, फोटो निघणार असतात. सासूबाई म्हणतात, "तन्मणी ने, इथं पडूनच असतो." नवरा म्हणतो, "काहीच नेऊ नकोस, उगाच डोक्याला ताप." दोघांचंही अर्धं बरोबर असतं.

जहाजावर चोर असतील का, ही भीती जरा बाजूला ठेवा. जहाजावर बाहेरचा माणूस सहजासहजी शिरत नाही, मार्गिकांत कॅमेरे असतात, केबिनचं दार कार्डावर उघडतं. सोनं जातं ते बहुतेक उतरवून ठेवल्यावर. वॉशबेसिनच्या कडेवरून, पूलजवळच्या टॉवेलात गुंडाळून, तिजोरीत विसरून. म्हणून तोळे मोजू नका. तो दागिना या प्रवासात अंगावरून किती वेळा उतरणार, ते मोजा. एकदाही नाही, तर न्या. रोज सकाळ-संध्याकाळ उतरणार असेल तर तो लॉकरमध्येच बरा, मग तो दोन ग्रॅमचा का असेना.

या मापाने पाहिलं तर यादी आपोआप छोटी होते. जोडवी राहतात. रोजच्या वापरातलं लहान मंगळसूत्र राहतं. मोठं गंठण घरी. कानात फिरकीच्या कुड्या किंवा टॉप्स चालतात, नुसत्या आकड्याचे झुमके नकोत. लाइफ जॅकेटचा पट्टा डोक्यावरून काढताना आकडा हमखास अडकतो, आणि जहाजावर पहिल्याच दिवशी सुरक्षा कवायत असतेच. मंगळसूत्र ओवून सहा-आठ महिने झाले असतील तर निघण्याआधी पटवेकऱ्याकडे द्या. घामाने कुजलेला दोरा बाहेरून धड दिसतो आणि वाटीजवळच्या गाठीशी तुटतो. तारेत ओवलेलं असेल तर आकड्याची कडी दोन बोटांत धरून हलकेच ओढून बघा. फट दिसली की सराफाकडून डाग देऊन, म्हणजे झाळून, घ्या.

अंगठी सगळ्यांत दगाबाज. उन्हाने, खारट जेवणाने बोटं सुजतात आणि अंगठी निघत नाही. थंड पाण्यात तीच बोटं आकसतात, त्यावर सनस्क्रीनचा बुळबुळीतपणा, आणि अंगठी समुद्रात. निघण्याआधी थंड पाण्यात हात बुडवून ती सैल वाटते का ते पाहा. सैल वाटली तर पाण्यात जायच्या आधी नाही, घरीच काढून ठेवा.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण "सोन्याला काय होतंय" असं सगळेच म्हणतात. शुद्ध सोन्याला खरंच काही होत नाही. पण २२ कॅरेटमध्ये ९१.६ टक्केच सोनं असतं, बाकी तांबं आणि चांदी. १८ कॅरेटच्या हिऱ्याच्या अंगठीत तर पाव भाग इतर धातू. पूलच्या पाण्यातलं क्लोरीन या इतर धातूंवर आणि डाग दिलेल्या सांध्यांवर काम करतं. जकुझी त्याहून वाईट, तिथं क्लोरीनला उष्णतेची जोड असते. हिरा धरणाऱ्या नख्या अशाने ठिसूळ होतात, आणि एक नखी तुटली की खडा कधी पडला ते कळतही नाही. व्हाइट गोल्डला हा त्रास सर्वाधिक.

मोत्याचं तर नावच काढू नका. नथ, तन्मणी, चिंचपेटी, सगळ्यांत मोती. अत्तर, सनस्क्रीन, घाम यांनी मोत्याचं पाणी उतरतं आणि ते परत चढत नाही. पाचूच्या भेगा बहुधा तेलाने भरलेल्या असतात, गरम पाण्यात ते तेल निघून खडा निस्तेज होतो. लाख भरलेले दागिने डेकवरच्या उन्हात नकोत. चांदीचे पैंजण समुद्राच्या हवेत काळवंडतात, पण ते निदान साफ होतात.

मग त्या एका रात्रीचं काय? येवल्याची पैठणी नेसा आणि गळ्यात बेन्टेक्स घाला. पैठणीवर नजर ठरते, दागिन्याकडे कुणी भिंग घेऊन बघत नाही. नाशिकच्या मेन रोडवर नकली मोत्यांची नथ आणि वन ग्रॅमची ठुशी सहज मिळते. केबिनच्या बेसिनमध्ये पडली तरी झोप उडत नाही. (बेसिनचं बूच लावून, वर हातरुमाल पसरून मगच कानातलं काढा, ही सवय खऱ्या-खोट्या दोन्हीला लावा. कमोडच्या बाबतीत तर आशाच सोडा. जहाजावर व्हॅक्यूमची यंत्रणा असते, आत गेलं ते गेलं.)

आता लॉकर. शुक्रवारी निघायचं असेल तर गुरुवारवर ठेवू नका. दुसरा आणि चौथा शनिवार, मध्येच आलेली सुटी, किल्ली ज्याच्याकडे तो पुण्याला, असं काहीतरी निघतंच. आणि बँकेत ठेवलं म्हणजे पूर्ण विमा झाला, असंही नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ पासून लागू नियमांनुसार आग, चोरी, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांत बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपट रकमेपर्यंतच. भाडं ३,००० असेल तर तीन लाख. पूर, भूकंप यांसारख्या नैसर्गिक आपत्तीत तेही नाही. नाशिकला गोदेचं पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं की सराफ बाजारातले दुकानदार माल वर हलवतात; त्या गावात राहणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. दागिन्यांचा वेगळा विमा घरच्या पॉलिसीला जोडून मिळतो, त्याला मूल्यांकन लागतं.

ते मूल्यांकन सरकारमान्य व्हॅल्युअरकडूनच करून घ्या, सराफाच्या चिठ्ठीवर भागवू नका. त्यात ठोक वजन आणि खडे, काळे मणी वगळून निव्वळ वजन, दोन्ही वेगळे लिहिलेले हवेत. तोळ्यात लिहू देऊ नका. आजीच्या पावतीवरचा तोळा ११.६६ ग्रॅमचा, आजच्या दुकानातला १० चा. चार तोळ्यांच्या पाटल्यांत इथंच साडेसहा ग्रॅमचा घोळ होतो. हॉलमार्कच्या तीन खुणा बघा: बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह, २२के९१६ ही शुद्धता आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या नगाचा स्वतःचा ओळख क्रमांक. तो इतका बारीक कोरलेला असतो की सराफाचं भिंग लागतं. तिथंच मोबाइल भिंगाला टेकवून फोटो काढा आणि नंबर बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून पाहा; वस्तूचा प्रकार आणि शुद्धता जुळली पाहिजे. एप्रिल २०२३ च्या आधीच्या दागिन्यावर हा नंबर नसेलही, कुंदन-पोलकीला आणि दोन ग्रॅमच्या आतल्या वस्तूंना सक्तीच नाही. अशा वस्तूचा फोटो शेजारी फुटपट्टी ठेवून, पुढून आणि मागून, काढून ठेवा.

क्रूझ देशातल्या देशात असेल तर कस्टमचा प्रश्न येत नाही. सिंगापूरला विमानाने जाऊन तिथून जहाज पकडणार असाल तर येतो, आणि तो जाताना नाही, परतताना येतो. मुंबईत उतरल्यावर गळ्यातली मोहनमाळ इथूनच नेली होती, हे सिद्ध कशाने करणार? त्यासाठी जाताना विमानतळावरच्या कस्टम अधिकाऱ्याकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यायचं. दागिना, त्याचे फोटो आणि मूल्यांकन समोर ठेवावं लागतं, म्हणून तो चेक-इन बॅगेत गेलेला चालत नाही. तासभर जास्तीचा धरा. पुरुषांना २० ग्रॅम आणि बायकांना ४० ग्रॅमची सूट असते हे सगळ्यांनी कुठंतरी ऐकलेलं असतं. ती वर्षाहून अधिक काळ परदेशात राहून परतणाऱ्यांसाठी आहे, आठ दिवसांच्या सहलीला नाही. अंगावरचे वापरातले दागिने वैयक्तिक सामानच, असे निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने दिले आहेत. पण पहाटे तीन वाजता काउंटरवर ते वाचून दाखवण्यापेक्षा प्रमाणपत्र बरं. आणि एवढी खटपट एका माळेसाठी करायची का, याचंही उत्तर इथंच मिळतं.

नाशिक रोडहून पंचवटी एक्स्प्रेसने सीएसएमटी आणि तिथून टॅक्सीने बॅलार्ड पिअर, हा सोपा रस्ता. सीएसएमटीपासून बंदर दीडेक किलोमीटरच आहे, पण बॅगा घेऊन चालायची हौस करू नका. दागिन्यांची पिशवी आडवी, पुढं, कुर्त्याच्या आत. कल्याण-दादरला दाराशी गर्दी झाली की ती चाचपून पाहण्याची खोड टाळा. हात वारंवार एकाच जागी जातो तेव्हा बघणाऱ्याला जागा कळते.

टर्मिनलवर मोठ्या बॅगा टॅग लावून हमालांच्या ताब्यात जातात आणि काही तासांनी केबिनच्या दाराशी येतात. त्या मधल्या वेळात त्या कुठं कुठं पडून असतात ते तुम्हाला दिसत नाही. म्हणून दागिने, औषधं, कागद या बॅगेत कधीच नाहीत. शेवटच्या रात्री हाच प्रकार उलटा: बऱ्याच जहाजांवर बॅगा रात्रीच दाराबाहेर ठेवायला सांगतात.

केबिनमधली तिजोरी वापरण्याआधी दार उघडं ठेवून तपासा. चार आकडे टाका, बंद करा, खटका बाहेर आला का पाहा, पुन्हा तेच आकडे टाकून उघडा. असं तीनदा. बॅटरी उतरलेली असेल तर इथंच कळते; नाहीतर ऐन जेवणाच्या वेळी दागिने आत आणि तुम्ही बाहेर. केबिनचा नंबर किंवा जन्मसाल कोड म्हणून ठेवू नका. कोड विसरणाऱ्यांसाठी मास्टर कोड जहाजाच्या अधिकाऱ्यांकडे असतोच, हेही ध्यानात असू द्या.

आणि तिजोरीत ठेवलं म्हणजे कंपनीच्या ताब्यात दिलं, असा अर्थ होत नाही. प्रवासी जहाजांसाठीच्या १९७४ च्या अथेन्स करारात स्पष्ट आहे: सोनं, दागिने, रोख यांची जबाबदारी वाहतूकदारावर नाही, ते सांभाळण्यासाठी म्हणून रीतसर त्याच्याकडे सोपवले असतील तरच. तेव्हाही, २००२ च्या सुधारणेनुसार, वेगळं ठरलं नसेल तर मर्यादा ३,३७५ एसडीआर. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक, एक एसडीआर सव्वा ते दीड डॉलरच्या दरम्यान धरा. सोन्याचा तोळा लाखावर गेल्यापासून ही रक्कम चार तोळ्यांच्या पाटल्यांच्या जोडीलाही पुरत नाही. हा करार प्रत्येक देशाला, प्रत्येक जहाजाला लागू नाही, पण तिकिटाच्या बारीक अक्षरांतल्या अटी बहुधा याच वळणाच्या असतात. न्यायचंच ठरलं असेल तर रिसेप्शनवर द्या आणि वस्तूवार पावती घ्या.

प्रवास विम्यावर फार भिस्त नको. दागिने कित्येक पॉलिसींत वगळलेलेच असतात. धरले असले तरी एका वस्तूमागे छोटी मर्यादा, आणि "दुर्लक्षित ठेवलेली वस्तू" हा शब्द आला की दावा बारगळतो. पूलच्या खुर्चीवरची पर्स म्हणजे दुर्लक्षित वस्तूच.

काही गेलंच तर आधी केबिन साफ करू देऊ नका. चादरी बदलल्या की गुंतलेलं कानातलं लॉन्ड्रीत जातं. मग सुरक्षा अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार, तिची प्रत आणि नंबर. दाराच्या कार्ड-कुलपात कोणतं कार्ड कधी वापरलं याची नोंद बहुधा असते. ती आणि कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवा, असं तक्रारीतच लिहा, कारण चित्रण काही दिवसांनी पुसलं जातं. परतल्यावर बंदरावरच्या पोलिसांकडे तक्रार द्या. हद्दीचं कारण सांगून परत पाठवलं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ चा उल्लेख करा. दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्दीबाहेरची असली तरी नोंदवून घ्यावी लागते.

सगळ्यांत जास्त वस्तू मात्र शेवटच्या सकाळी राहतात, तिजोरीत. उतरायची घाई, मुलं भुकेली, दाराशी सफाईवाला उभा. यावर उपाय एकच: आदल्या रात्री तिजोरीत दागिन्यांबरोबर डाव्या पायातली चप्पल कोंबा. मावत नसेल तर गाडीची किल्ली. तिच्याशिवाय घर गाठता येत नाही.

घरी आल्यावर फोटो समोर ठेवून नग मोजा. रात्री वाटीभर कोमट पाण्यात चार रिठे भिजवा, सकाळी त्या पाण्यात सोनं दहा मिनिटं बुडवून मऊ ब्रशने आतल्या कडा घासा. मीठ आणि सनस्क्रीन तिथंच बसतं. नख्यांपाशी ब्रश हलका, खडा कानाजवळ हलवून खुळखुळ येते का ऐका. मोत्यांना रिठ्याचं पाणी लावू नका, ओलसर सुती फडक्याने पुसून सावलीत वाळवा.