घसारा, गोटे आणि पाटीचा दगड : स्पितीच्या खोऱ्यात सायकलवर नऊ दिवस

अट्टरगूच्या पुलाअलीकडे ताईने ब्रेक दाबला आणि मला म्हणाली, "आवाज बदलला बघ."

खरंच बदलला होता. ताबोहून सकाळी निघाल्यापासून टायरखाली कधी खुळखुळ वाजत होतं, कधी करकर. मी तोवर तिकडे लक्षच दिलं नव्हतं. ताई माझी आतेबहीण, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी आणि कच्च्या रस्त्यांवर माझ्यापेक्षा कितीतरी जास्त फिरलेली. तिने रस्त्याकडेचे दोन दगड उचलून माझ्या हातावर ठेवले. एक गोल, गुळगुळीत, नदीने घासलेला. दुसरा धारदार कडांचा, वरच्या डोंगरावरून तुटून आलेला. "गोट्यांवरून चाक घरंगळतं, कारण ते एकमेकांत अडकत नाहीत. धारेचे दगड एकमेकांत रुतून बसतात, त्यावर चाक धरतं. पण टायर तेच फाडतात," ती म्हणाली. पुढचे आठ दिवस आम्ही हिमाचल प्रदेशातलं स्पितीचं खोरं असंच वाचत गेलो.

या खोऱ्यातला रस्ता आलटून पालटून दोनच गोष्टींवरून जातो. नदीने जुन्या काळी आणून टाकलेल्या आणि आता पात्राच्या वर राहिलेल्या गोट्यांच्या सपाट पायऱ्या ही एक. वरच्या कड्यांवरून पंख्यासारखे पसरत आलेले घसाऱ्याचे ढीग ही दुसरी. सह्याद्रीत घसारा म्हटलं की एखाद्या गडाखालची शंभर पावलांची वाट आठवते. इथे एकेक घसारा अर्धा-अर्धा किलोमीटर रुंद असतो आणि रस्ता सरळ त्याच्या पोटातून काढलेला असतो. लांबूनच ओळखायला शिकलं, की गिअर आधी बदलता येतो. गोटे दिसले की हलक्या गिअरवर, हँडल सैल धरून, एका लयीत पाय मारत राहायचं. घसारा आला की पुढचा ब्रेक जपून वापरायचा आणि वर एक नजर ठेवून, न थांबता पार व्हायचं. फोटो पलीकडे जाऊन काढायचे.

आम्ही सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात गेलो. सायकली बसच्या टपावर टाकून किन्नौरमार्गे रिकाँग पिओ, तिथून दुसऱ्या बसने ताबो, आणि ताबोपासून सायकल. मनालीहून एकदम वर चढण्यापेक्षा ही बाजू शरीराला सोसते, कारण उंची हळूहळू वाढते. वाटेत खाबला स्पिती नदी सतलजला मिळते. बसच्या खिडकीतून तो संगम पाहिला तेव्हाच वाटलं की या नदीच्या उलट दिशेने, तिच्या उगमाकडे जायचं. ताबोला दोन रात्री राहिलो. इ. स. ९९६ मध्ये स्थापन झालेला मातीचा मठ तिथे आजही नांदता आहे. आतल्या अंधारात भिंतींवरची चित्रं दिसायला डोळ्यांना वेळ लागतो, तो द्यावा.

तर अट्टरगू. इथे स्पिती ओलांडून पिन नदीच्या खोऱ्यात शिरायचं. मुदपर्यंत साधारण ३३ किलोमीटर. डांबर मध्येच लागतं, मध्येच संपतं, आणि जिथे संपतं तिथे हा आम्ही केलेला सर्वांत सुंदर रस्ता आहे. डाव्या-उजव्या कड्यांत खडकांचे थर घडी घातलेल्या नऊवारीसारखे वळलेले दिसतात, काही ठिकाणी तर पार उलटे. हा सगळा टेथिस नावाच्या प्राचीन समुद्राचा तळ. भारताचा भूखंड आशियाला भिडायला लागला त्याला सुमारे ५ कोटी वर्षं झाली. त्या रेट्यात हा तळ दुमडत दुमडत इथवर वर आला. १८६०च्या दशकात फर्डिनांड स्टोलिच्का हा भूवैज्ञानिक या खोऱ्यांतून हिंडला आणि इथल्या थरांना त्याने नावं दिली. मुद गावाच्या नावाचा पांढरट गारगोटीसारखा खडक भूशास्त्राच्या पुस्तकांत 'मुथ क्वार्ट्झाइट' म्हणून आजही आहे. त्याचेच तुकडे टायरखाली येत होते. पुस्तकात ज्याचं नाव आहे त्या खडकावरून आपण सायकल हाकतोय, या विचाराने मला अंगभर शहारा आला होता.

गुलिंगला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सगनमच्या पुढे गेलो आणि तिथे पाटीच्या दगडाचा पट्टा लागला. काळा, पातळ, सुरीसारखा. उतारावर मी थोडा वेग घेतला आणि मागून फस्स असा आवाज आला. मागच्या टायरच्या बाजूला बोटाच्या पेराएवढी चीर, आणि त्यातून पांढरं सीलंट (भोकं आपोआप बुजवणारं टायरमधलं द्रव) कारंज्यासारखं माझ्या पोटरीवर. ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेल्या टायरचं भोक बुजवायचा प्लग घातला, निघाला. दोन घातले, तेही निघाले. टायरच्या बाजूची चीर प्लगने सहसा भरत नाही, हे तिथे अनुभवाने कळलं.

मग ताईने टायर काढला. टूथपेस्टची जवळपास संपलेली ट्यूब उभी कापून धुतली आणि तिचा चार बोटं रुंद तुकडा आतून चिरेवर लावला. मी नवी ट्यूब आत बसवायला घेतली तर तिने हात धरला. "थांब. आधी आतून बोट फिरव." फिरवलं, आणि बोटाला टोचलं. छरम्याचे काटे! नदीकाठाला सगळीकडे छरम्याची नारिंगी फळांनी लगडलेली झुडपं आहेत. त्यांचे काटे टायरमध्ये घुसले होते, पण सीलंटने भोकं बुजवत नेल्यामुळे आम्हाला पत्ताच नव्हता. तशीच ट्यूब टाकली असती तर पहिल्या वळणाला फुटली असती. चिमट्याने एकेक करून सात काटे काढले. सव्वा तास गेला. तेवढ्या वेळात एकच गाडी गेली. चालकाने थांबून पाणी हवं का विचारलं, "जुले" असा इथला नमस्कार करून पुढे गेला.

त्या तुकड्यावर मी उरलेला सगळा प्रवास केला.

टायरबद्दल आणखी एक, कारण घरून निघताना मला हे कुणी सांगितलं नव्हतं. उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो, म्हणून टायरमधली तीच हवा जास्त कडक होते. २,२०० मीटरवर भरलेला टायर ४,५०० मीटरवर जवळपास ३ पीएसआयने (पंपावर दिसणारं हवेच्या दाबाचं माप) चढलेला असतो. डांबरावर हे जाणवणार नाही, खडीवर सायकल उड्या मारायला लागते. मी ४५ मिलिमीटरच्या टायरवर सामानासकट पुढे ३० आणि मागे ३३ ठेवत होतो आणि वर गेलो की थोडी सोडत होतो. ताईचे टायर ५० मिलिमीटरचे होते. या रस्त्यांना तेच योग्य, पुढच्या वेळी मीही तेच घालणार आहे.

मुदला दोन रात्री राहिलो. गाव संपलं की रस्ता संपतो, पुढे पिन-पार्वती आणि भाबा खिंडीच्या पायवाटा. समोरचा डोंगर एका बाजूने जांभळट, दुसऱ्या बाजूने हिरवट. शेतात जव कापणी चालू होती. जिच्या घरी उतरलो त्या आजीबाई संध्याकाळी पेंढ्या पाठीवर घेऊन चढावरून यायच्या. ताई मदतीला गेली तर त्यांनी हसून तिच्या पाठीवर लहानात लहान पेंढी ठेवली. मुदचा हा रिकामा दिवस कुणी वगळू नये.

काझाला आल्यावर वरच्या गावांचं वर्तुळ केलं : लांगझा, कोमिक, हिक्कीम आणि परत. चढ खडा आहे. काझा ३,६०० मीटरच्या वर आणि कोमिक ४,५८७ मीटरवर. दर दहा मिनिटांनी थांबत गेलो. हिक्कीमच्या टपाल कार्यालयातून (१९८३ पासून चालू आहे) आईला पत्र टाकलं. लांगझ्याला मात्र मी बराच वेळ उभा राहिलो. तिथल्या काळ्या शेलमध्ये, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेल्या खडकात, अमोनाइट या वळणदार शंखाच्या प्राचीन समुद्री जीवाचे जीवाश्म सापडतात. आपल्या देव्हाऱ्यातला गंडकीचा शाळिग्राम म्हणजे याच समुद्रातला, याच जातीचा जीव. आजीने रोज ज्याला आंघोळ घातली तो दगड मूळचा कसल्या खडकातून येतो, ते इथे टायरच्या खाली दिसत होतं. कुणी विकायला आणले तर कृपा करून घेऊ नका आणि स्वतःही उचलू नका. ते डोंगराचे आहेत, तिथेच राहू द्या.

किब्बरवरून चिचमकडे जाणारा रस्ता खोऱ्याच्या डाव्या अंगाने, उंचावरून जातो. चिचमचा पूल २०१७ मध्ये खुला झाला. त्याआधी गावकरी या घळीवरून तारेला टांगलेल्या पाळण्यातून येत-जात. पुलावर सायकल ढकलतच नेली, वारा तसा होता. पलीकडे माळ, त्यावर बारीक खडी, आणि गाड्या जवळजवळ नाहीत. मुख्य रस्त्यावर गाड्यांच्या चाकांनी उमटलेल्या आडव्या लाटा असतात, पन्हाळी पत्र्यासारख्या. त्यावरून तासभर गेलं की मनगटं बधिर होतात. कडेच्या वीतभर पट्टीत लाटा कमी असतात, तिथून चालवावं. चिचमच्या वाटेवर तसल्या लाटा आम्हाला लागल्याच नाहीत. वाटेत 'ॐ मणि पद्मे हूं' हा मंत्र कोरलेल्या दगडांची भिंत आली की ती उजव्या हाताला ठेवून जायचं, ही इथली रीत. एके ठिकाणी त्यासाठी पन्नास पावलं मऊ वाळूतून सायकल ओढावी लागली, ती ओढली.

पुढे खाली उतरून मुख्य रस्त्याला लागलो आणि लोसर गाठलं. या टप्प्यात नाले आहेत. बर्फाचं पाणी सकाळी कमी असतं, ऊन चढलं की वाढत जातं. अकराच्या आत ओलांडलेला नाला घोट्यापर्यंत होता. दुपारी लागलेला तसाच नाला गुडघ्याला आला आणि पाण्याखाली गोटे सरकताना पायांना कळत होते. बूट घालूनच उतरावं आणि सायकल वाहत्या पाण्याच्या खालच्या अंगाला धरावी, म्हणजे पाय निसटला तरी ती आपल्यावर येत नाही. दुपारनंतरचा वारा तर रोजचाच. म्हणून आम्ही साडेपाचला उठत होतो.

नवव्या दिवशी सामान लोसरलाच ठेवून कुंझुम खिंडीत गेलो. १९ किलोमीटर, ४,५५१ मीटर उंची. खिंडीत पताका फडफडत होत्या आणि पलीकडे चंद्रा नदीचं खोरं उघडत होतं. अलीकडचं पाणी स्पितीतून सतलजला जातं, पलीकडचं चंद्रेतून चिनाबला. ताईने छोट्या देवळाला प्रदक्षिणा घातली, मग सायकलीपाशी येऊन माझ्या मागच्या टायरची चीर अंगठ्याने दाबून बघितली.

"धरलंय," ती म्हणाली. पलीकडचा बातलचा उतार दिसत होता, मन तिकडे ओढत होतं. पण सामान लोसरला होतं आणि ढग पश्चिमेकडून येत होते. आम्ही जॅकेटच्या चेन गळ्यापर्यंत ओढल्या आणि आलो तसेच, खडीचा आवाज ऐकत, लोसरकडे उतरायला लागलो.